व्हीएमचा स्क्रीनशॉट ओसीआरनं वाचून टेस्ट चालवायची तर काय काय सांभाळायचं

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. चोपड्याला तुमची छोटी टीम आहे, कृषी सेवा केंद्रांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवता आणि ते लिनक्सच्या डिस्क इमेजमध्येच बसवून देता, दुकानदारानं मशीन चालू केलं की बूट मेनू, डिस्कचा पासवर्ड, लॉगिन आणि मग थेट मराठी बिलाची स्क्रीन. दर अपडेटला ही इमेज क्यूईएमयू या प्रोग्रॅमच्या व्हीएममध्ये, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, बूट करता, स्क्रीनशॉट काढता, टेसरॅक्टला, म्हणजे चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या ओसीआर प्रोग्रॅमला, देता, पाहिजे तो शब्द सापडला की स्क्रिप्ट पुढची की दाबते. त्रास असा की इमेज तीच, स्क्रिप्ट तीच, तरी सकाळी पास आणि दुपारी फेल. आणि विचारताय की टेसरॅक्टला आपला फॉन्ट शिकवून ट्रेन करायचं का, नाहीतर क्लाउडचं विकतचं ओसीआर घ्यायचं का.

सध्या दोन्ही करू नका. ट्रेनिंगमध्ये महिना जाईल आणि पुढच्या अपडेटला फॉन्ट किंवा थीम जरा बदलली की परत तिथेच याल. क्लाउडवाल्याकडे तुमच्या गिऱ्हाइकाचं नाव, उधारी, जीएसटी नंबर असलेले स्क्रीनशॉट जाणार, वर त्यानं त्याच्याकडचं मॉडेल कधी बदललं ते तुम्हाला कळणारही नाही, मग टेस्ट फेल झाली तर तुमचं सॉफ्टवेअर बदललं का त्याचं मॉडेल हे शोधत बसा. तुमची खरी अडचण अशी की ओसीआरला तुम्ही फार मोठा प्रश्न विचारताय. अख्खी स्क्रीन देऊन 'यात काय लिहिलंय' असं विचारताय. टेस्टला तेवढं लागतच नाही, टेस्टला एवढंच लागतं की 'या चौकोनात मला माहीत असलेली ही ओळ आली का'. उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे, फक्त हो का नाही ते पाहिजे. प्रश्न असा छोटा केला की हेच टेसरॅक्ट बरंच भरवशाचं वाटायला लागतं.

सगळ्यात आधी ओसीआर जिथे लागत नाही तिथून काढून टाका. खूप लोक ओसीआर जमलं की सगळंच त्यातून करायला लागतात. लिनक्स कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, सिरियल कन्सोल (मजकूर सिरियल पोर्टवरून बाहेर पाठवायचा मार्ग) दिला की बूटचे सगळे मेसेज क्यूईएमयूतून सरळ फाइलमध्ये मजकूर म्हणून मिळतात, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. ग्रब या बूट मेनूच्या प्रोग्रॅमलाही सिरियलवर आउटपुट द्यायला सांगता येतं. कर्नल पॅनिक झालं म्हणजे सिस्टिमच कोसळली, डिस्क माउंट झाली नाही, हे चित्रातून वाचण्यात काही अर्थ नाही. एक खाच आहे बरं का, सिरियल कन्सोल दिसला की प्लायमाउथ, म्हणजे बूट होताना चित्राची स्क्रीन दाखवणारा प्रोग्रॅम, ग्राफिकल स्प्लॅश सोडून साध्या मजकुरावर जातो, मग तुमची पासवर्डची स्क्रीन दुकानात दिसते तशी टेस्टमध्ये दिसतच नाही. त्याला सिरियल कन्सोलकडे दुर्लक्ष करायला सांगणारं कर्नल पॅरामीटर आहे, तेही सोबत द्यायचं. बिल डेटाबेसमध्ये गेलं का, साठा कमी झाला का, हे तर कधीच स्क्रीनवरून तपासू नका, सिरियलवर एक शेल ठेवा किंवा क्यूईएमयूचा गेस्ट एजंट (व्हीएमच्या आत चालून बाहेरच्या कमांड घेणारा प्रोग्रॅम) वापरा आणि डेटाबेसलाच विचारा.

मग ओसीआरला काय उरतं? बूट मेनू दिसला का, पासवर्ड मागणारी स्क्रीन आली का, लॉगिनला मराठी नीट दिसतंय का, बिलाच्या स्क्रीनवर लेबलं कापली तर गेली नाहीत ना, आणि चूक झाल्यावर जो डबा उघडतो त्यात काय लिहिलंय. म्हणजे माणूस डोळ्यानं बघतो तेवढंच. एवढ्यासाठी ओसीआर फार कामाची चीज आहे, आणि इथे दुसरा चांगला उपायही नसतो, कारण बूट मेनूच्या वेळी मशीनमध्ये तुमचं काहीच चालू झालेलं नसतं, बाहेरून फक्त पडदा दिसतो.

बूट मेनू आणि साध्या काळ्या टेक्स्ट स्क्रीनसाठी टेसरॅक्टसुद्धा नको. जुनी व्हीजीए टेक्स्ट मोड म्हणजे ७२० बाय ४०० पिक्सेल, ८० कॉलम, २५ ओळी, प्रत्येक अक्षर ९ बाय १६ च्या खणात. खण ठरलेला, फॉन्ट ठरलेला, धूसर कडा नाहीत. चित्राचे २००० खण पाडायचे, प्रत्येक खण फॉन्टच्या टेबलाशी ताडून बघायचा, झालं. यात अंदाज नसतोच, कॅपिटल ओ आणि शून्य यांचे पिक्सेलच वेगळे असतात त्यामुळे घोळ होत नाही, आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर काम होतं. लुकलुकणारा कर्सर एका खणात आडवा येतो, तेवढा सोडून द्यायचा. पुढे कर्नल फ्रेमबफरवर, म्हणजे पिक्सेलनं रंगवलेल्या स्क्रीनवर, गेला तरी खण असतातच, ८ बाय १६ चा फॉन्ट आणि १०२४ बाय ७६८ ची स्क्रीन असेल तर १२८ कॉलम आणि ४८ ओळी. या कन्सोलला जास्तीत जास्त ५१२ अक्षरचित्रं ठेवता येतात आणि जोडाक्षरं जुळवणं त्याला येत नाही, म्हणजे तिथे मराठी येणारच नाही, सगळं इंग्रजीच, आपलं काम अजून सोपं.

आता ग्राफिकल स्क्रीनकडे येऊ, तुमचा सगळा घोळ इथेच आहे. टेसरॅक्ट मुळात कागदासाठी जन्मलेलं आहे, १९८५ ते १९९४ च्या काळात एचपीच्या प्रयोगशाळेत बनलं, २००५ ला ओपन सोर्स झालं, २०१८ च्या ४.० मध्ये त्यात एलएसटीएमचं न्यूरल इंजिन आलं, पण आजही त्याला आवडतो तो स्कॅन केलेला, ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके), पांढऱ्यावर काळा कागद. स्क्रीनशॉट म्हणजे ९६ डीपीआय. १० पॉइंटचा फॉन्ट घ्या, स्क्रीनवर त्याचं कॅपिटल अक्षर जेमतेम नऊ-दहा पिक्सेल उंच असतं, आणि टेसरॅक्टला हवी ३० पिक्सेलच्या आसपास उंची. म्हणून चित्र आधी तिप्पट मोठं करायचं, लँक्झोस किंवा क्यूबिक फिल्टरनं, नुसते पिक्सेल फुगवून नाही. मग ग्रे करायचं, कारण बऱ्याच ठिकाणी अक्षरांच्या कडेला लाल-निळी झाक असते, सबपिक्सेल रेंडरिंगची, माणसाच्या डोळ्याला ती दिसत नाही पण चित्र मोठं केलं की ओसीआरला दिसते. मग गडद मागावर पांढरी अक्षरं असतील तर उलटं करायचं. टेसरॅक्ट स्वतःही एखादी ओळ उलटी करून बघतं पण त्याच्या भरवशावर बसू नका. आणि चौकोन अगदी अक्षराला चिकटून कापलेला असेल तर भोवती दहाएक पिक्सेलची पांढरी पट्टी लावा, काठाला टेकलेली अक्षरं ते खाऊन टाकतं. डीपीआयही सांगून टाका, नाहीतर स्क्रीनशॉटमध्ये ती माहिती नसते म्हणून ते कुरकुर करतं आणि ७० धरून चालतं.

स्क्रीनशॉट जेपीईजीत कधीच ठेवू नका. क्यूईएमयूचं स्क्रीनडंप आधीपासून पीपीएम देतं आणि ७.१ पासून थेट पीएनजीही देतं, दोन्हीत पिक्सेल जसेच्या तसे राहतात.

तुम्ही पाठवलेला बिलाच्या स्क्रीनचा नमुना मी मोठा करून बघितला. वर हिरवी पट्टी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरात 'नवीन बिल', खाली पांढऱ्यावर काळा तक्ता, उजवीकडे राखाडी बटणावर राखाडीच पण जरा गडद अक्षरात 'उधारी'. तुमची स्क्रिप्ट अख्ख्या चित्राला एकच थ्रेशोल्ड (किती गडद म्हणजे काळं आणि किती फिकं म्हणजे पांढरं याची सीमा) लावते. काळ्या तक्त्याला तो बरोबर बसतो, हिरव्या पट्टीवर अक्षरं आणि माग यातला फरक अर्धा पुसला जातो, आणि राखाडी बटण तर पूर्ण काळा ठोकळा होऊन जातं. म्हणजे टेसरॅक्टकडे 'उधारी' पोचलंच नाही, ते वाचणार काय? मॉडेलला दोष देण्याआधी ओसीआरला दिलेलं शेवटचं चित्र डोळ्यानं उघडून बघा, कच्चा स्क्रीनशॉट नाही, प्रक्रिया झाल्यावरचं. तुम्हालाच वाचता येत नसेल तर त्यालाही येणार नाही. उपाय सोपा आहे, पट्टी, तक्ता, बटणं असे चौकोन वेगळे कापा आणि प्रत्येकाला वेगळी सेटिंग द्या. स्क्रीनचं रिझोल्यूशन व्हीएममध्ये कायम एकच ठेवलं तर चौकोनांच्या जागा ठरलेल्याच राहतात.

चौकोन कापले की पेज सेगमेंटेशन मोडही बदला, म्हणजे चित्रात मजकूर कसा मांडलाय असं टेसरॅक्टनं धरायचं ती सेटिंग. काही सांगितलं नाही तर मोड ३ असतो, तो अख्ख्या पानाची मांडणी समजून घ्यायला बघतो, परिच्छेद, कॉलम वगैरे, आणि सॉफ्टवेअरच्या स्क्रीनला वर्तमानपत्र समजून कुठलाही मजकूर कुठेही जोडतो. एका ओळीच्या लेबलला ७, सलग मजकुराच्या डब्याला ६, आणि कुठे काय आहे ते माहीतच नसेल तेव्हा ११, तो मिळेल तिथला मजकूर वेचून आणतो. निक्सओएस या लिनक्सवाल्यांच्या टेस्ट ड्रायव्हरमध्ये एक चांगली युक्ती आहे, ते एकाच स्क्रीनशॉटचं वाचन वेगवेगळ्या पद्धतीनं करून अनेक पर्याय देतात आणि शोधलेला मजकूर त्यातल्या एकातही सापडला तरी चालवून घेतात. 'ही स्क्रीन आली का' या प्रश्नाला हे एकदम योग्य आहे, कारण नसलेली अख्खी ओळ चुकून तयार होणं फार दुर्मिळ, असलेली ओळ चुकीची वाचली जाणं रोजचं.

आता मराठी. इथे मला जरा जास्त बोलायचंय, कारण इंग्रजीत लिहिलेल्या माहितीत हे सापडत नाही आणि आपल्याकडची पोरं इथेच अडकतात.

पहिलं म्हणजे मराठी मॉडेल आणि इंग्रजी मॉडेल दोन्ही एकत्र लावायची सवय. तक्त्यात 'युरिया', 'बियाणे' मराठीत आणि शेजारी कंपनीचं नाव इंग्रजीत असेल तर एकत्र लावावंच लागतं, पण ज्या चौकोनात फक्त मराठी आहे तिथे फक्त मराठीच लावा. दोन भाषा दिल्या की वेळही वाढतो आणि दंड किंवा मात्रेचा तुकडा इंग्रजी अक्षर म्हणून वाचला जायला लागतो. शिरोरेषेमुळे बारीक आकारात सगळा शब्द एकच काळी पट्टी होऊन बसतो, त्यामुळे मराठीला तिप्पटच्या ऐवजी चौपट मोठं करून बघा. अनुस्वाराचा टिंब मूळ स्क्रीनवर एक-दोन पिक्सेलचा असतो, डाग काढणारा डीस्पेकल फिल्टर तो डाग समजून पुसतो, 'खतं' चं 'खत' होतं. इंग्रजीसाठी लिहिलेली साफसफाईची कमांड मराठीवर जशीच्या तशी चालवू नका. आणि बहुतेक लिनक्स डिस्ट्रोसोबत जी मॉडेल फाइल येते ती 'फास्ट' जातीची असते, मराठीला 'बेस्ट' जातीची वेगळी उतरवून वापरा, वेळ थोडा जास्त लागतो पण जोडाक्षरात फरक पडतो.

दुसरं युनिकोडचं, आणि यात माणूस दिवसभर डोकं आपटतो. स्क्रीनवर 'शेतकऱ्याचे नाव' दिसतंय, ओसीआरनं 'शेतकऱ्याचे नाव' वाचलंय, लॉगमध्ये दोन्ही सारखेच दिसतायत, आणि तुलना मात्र म्हणते वेगळे आहेत. कारण तो 'ऱ्या' दोन पद्धतीनं लिहिता येतो, एक म्हणजे पायात टिंब असलेला ऱ, हलंत आणि य, दुसरी म्हणजे साधा र, हलंत, मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर आणि य. दिसायला सारखेच, आत कोड वेगळे, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणं) हे दोन एक करत नाही. तसंच 'ॲ' चं. 'ॲडव्हान्स जमा' मधला ॲ हे एक स्वतंत्र अक्षर आहे, युनिकोडमध्ये २००८ ला आलं, त्याआधीची आणि नंतरचीही खूप माणसं अ ला चंद्र जोडून लिहितात, आणि काही कीबोर्डवर तर तिसराच, हिंदीतला ए वर चंद्रवाला येतो. म्हणून तुलना करण्याआधी तुमच्याकडचा अपेक्षित मजकूर आणि ओसीआरचा मजकूर दोन्ही एकाच गाळणीतून काढा: नॉर्मलायझेशन करा, दोन्ही 'ऱ्या' एकाच रूपात आणा, तिन्ही 'ॲ' एकाच रूपात आणा, न दिसणारे जॉइनर उडवा, मराठी अंक आणि इंग्रजी अंक एक करा, सलग स्पेस एक करा. जॉइनर सगळ्यात शेवटी उडवायचे, आधी उडवले तर 'ऱ्या' चा 'र्या' होऊन जातो.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या स्क्रिप्टमध्ये 'बिल सेव्ह झाले' हा मजकूर स्क्रीनवर कुठेही सापडला की टेस्ट पास. चूक झाल्यावर तुमचं सॉफ्टवेअर काय दाखवतं? 'बिल सेव्ह झाले नाही'. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो, म्हणजे नापासाच्या वाक्यात पासाचं वाक्य पूर्णच्या पूर्ण बसलेलं असतं. ही टेस्ट बिल सेव्ह झालं नाही तरी पास होणार, आणि नेमकं मेच्या शेवटी कपाशीच्या बियाण्याची गर्दी असताना दुकानदाराकडून फोन येणार. आजच्या आज बदला. मेसेजचा डबा कापून घ्या, सगळी ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत ताडून बघा, आणि त्याआधी 'नाही', 'अयशस्वी', 'त्रुटी' हे शब्द त्या डब्यात आहेत का ते शोधा, एक जरी सापडला तरी तिथेच फेल. जमलं तर त्यापुढे जाऊन मेसेजच बदला, यशाचा आणि अपयशाचा मजकूर सुरुवातीपासूनच वेगळा ठेवा, वाचणाऱ्या दुकानदारालाही ते बरं पडेल.

अंदाजे जुळणीबद्दल. ओसीआरचा मजकूर अक्षरशः बरोबर येईल असं धरू नका, लेव्हेनश्टाइन अंतर वापरा, म्हणजे एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलायला, घालायला किंवा काढायला लागतात ते. वीस-पंचवीस अक्षरांच्या ओळीत दोन-तीनची सूट बिनधास्त द्या. पण छोट्या लेबलला सूट देऊ नका, 'खते' आणि 'खाते' यात एका मात्रेचा फरक आहे, आणि तुमच्या मेनूत दोन्ही आहेत! त्यामुळे खूण म्हणून नेहमी त्या स्क्रीनवरची लांब ओळ निवडा जी दुसरीकडे कुठेच येत नाही. अशी ओळ नसेल तर दोन खुणा निवडा आणि दोन्ही सापडल्या तरच पुढे जा.

अंक आणि नंबर. बिलाची रक्कम ओसीआरनं वाचून ती बरोबर आहे का हे ठरवू नका, ते काम डेटाबेसचं, मी वर सांगितलंच. पण रक्कम स्क्रीनवर दिसतेय का, चौकोनातून कापली गेली नाही ना, हे बघायला ओसीआर ठीक आहे. बिलावरचा जीएसटी नंबर याचं चांगलं उदाहरण आहे. १५ जागांचा असतो, पहिले दोन अंक राज्याचे, आपल्याकडे २७, मग दहा जागांचा पॅन म्हणजे पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर, मग एक नोंदणीचा क्रमांक, चौदावा बहुतेक झेड, आणि पंधरावा तपासणीचा. टेसरॅक्ट इथे कॅपिटल ओ आणि शून्य, कॅपिटल आय आणि एक, एस आणि पाच, बी आणि आठ यात हमखास गडबड करतं कारण हा शब्द कुठल्याच शब्दकोशात नाही. अशा चौकोनाला इंग्रजी मॉडेल लावा, शब्दकोश बंद करा आणि चालणाऱ्या अक्षरांची यादी द्या, ही यादी ४.० च्या नव्या इंजिनात चालत नव्हती, ४.१ पासून परत चालते. तरी चुका राहतीलच, मग फसवी अक्षरं दोन्हीकडे एकच करून टाका, अपेक्षित नंबरातले सगळे ओ शून्य करा आणि वाचलेल्यातलेही करा, मग ताडा. जागेनुसार अक्षर दुरुस्त करणारा हुशार कोड टेस्टमध्ये लिहू नका, कारण उद्या तुमच्याच सॉफ्टवेअरनं शून्याच्या जागी ओ छापला तर तो कोड ते गुपचूप दुरुस्त करेल आणि तुम्हाला कळणारही नाही. अक्षरं एक करण्यातही तो बग निसटतोच, पण निदान कुठला बग निसटतो ते माहीत असतं, तेवढा डेटाबेसच्या टेस्टमध्ये पकडायचा.

आता सकाळी पास दुपारी फेलचं. हे ओसीआरचं नाहीच, हे वेळेचं आहे. तुमच्या स्क्रिप्टमध्ये जागोजागी ठरावीक सेकंद थांबणं आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, बंद खोलीत ठेवलेला होस्ट पीसी तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, व्हीएम हळू चालते, आणि सकाळी वीस सेकंदात येणारी लॉगिन स्क्रीन दुपारी वीस सेकंदात येत नाही. खोली थंड ठेवाच, पण स्क्रिप्टही बदला. ठरावीक थांबण्याऐवजी दर सेकंदाला स्क्रीनशॉट घ्या, खूण सापडली की लगेच पुढे, आणि एक सढळ मुदत ठेवा, तीन-चार मिनिटांची, ती संपली तरच फेल. पास होणाऱ्या टेस्टला मुदत मोठी ठेवल्यानं काहीच जास्त वेळ लागत नाही.

प्रत्येक स्क्रीनशॉट ओसीआरला द्यायचा नाही. आधीच्या स्क्रीनशॉटशी ताडा, काहीच बदललं नसेल तर जुनंच उत्तर वापरा, बदलत असेल तर थांबा, दोन लागोपाठ सारखे आले म्हणजे स्क्रीन स्थिर झाली, आता वाचा. अर्धी रंगवलेली विंडो वाचायला दिली की चित्रविचित्र मजकूर येतो तो याच्यामुळे. कोपऱ्यातलं घड्याळ आणि लुकलुकणारा कर्सर ताडताना झाकून टाका नाहीतर स्क्रीन कधीच स्थिर होणार नाही.

अजून एक सापळा म्हणजे जुनी स्क्रीन. एंटर दाबला, लगेच स्क्रीनशॉट घेतला, 'बिल' शब्द सापडला, स्क्रिप्ट पुढे गेली, आणि खरं तर तो शब्द मागच्याच स्क्रीनवरचा होता. की दाबल्यावर आधी जुन्या स्क्रीनची खूण गेली का ते बघा, मग नव्या स्क्रीनची आली का ते बघा. दोन पायऱ्या. कंटाळवाणं वाटतं पण याच्याशिवाय गत्यंतर नाही.

चार-पाच व्हीएम एकाच वेळी चालवत असाल तर टेसरॅक्टचे थ्रेड (एकाच वेळी समांतर चालणारी कामं) एकावर आणा, ओपनएमपीची थ्रेड मर्यादा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलनं एक केली की होतं. एरवी प्रत्येक टेसरॅक्ट चार-चार थ्रेड काढतं, ते एकमेकांच्या आणि व्हीएमच्या पायात येतात आणि सगळंच मंदावतं.

क्लिक करायची असेल तर टेसरॅक्टचं टीएसव्ही (टॅबनं वेगळे केलेले रकाने) आउटपुट घ्या, त्यात प्रत्येक शब्दाचा चौकोन आणि ० ते १०० मध्ये खात्रीचा आकडा मिळतो. चौकोनाचे आकडे तुम्ही मोठ्या केलेल्या चित्राचे असतात, त्यामुळे तिनानं किंवा चारानं भागायचं आणि कापलेल्या तुकड्याची जागा त्यात मिळवायची. व्हीएमला यूएसबी टॅब्लेट जोडा, साधा माउस नको, म्हणजे थेट जागेवर जाता येतं, तिथे आडवा आणि उभा दोन्ही अक्ष ० ते ३२७६७ असतो, त्या प्रमाणात पिक्सेल बदलून द्यायचे. खात्रीचा आकडा मात्र पास-फेल ठरवायला वापरू नका, चुकीचा शब्दही तो नव्वदच्या वर खात्रीनं सांगतो. पण लॉगमध्ये ठेवा, एखाद्या लेबलचा आकडा हळूहळू उतरत असेल तर डिझाइनमध्ये रंग फिका झालाय का बघायला कामी येतो. आणि जमेल तिथे क्लिकऐवजी कीबोर्डच वापरा. त्यातही एक लक्षात ठेवा, क्यूईएमयूची की दाबायची सेंडकी कमांड अक्षर पाठवत नाही, कीबोर्डवरची जागा पाठवते, व्हीएममध्ये इनस्क्रिप्ट लेआउट चालू असेल तर तुमचा इंग्रजी पासवर्ड देवनागरीत टाइप होतो आणि लॉगिन फेल.

लोगो, आयकॉन, निवडलेलं बटण यांना ओसीआर चालत नाही, तिथे चित्राचा तुकडा ताडायचा. ओपनसुसे या लिनक्सवाल्यांचं टेस्टचं सॉफ्टवेअर ओपनक्यूए याच कल्पनेवर उभं आहे, एक पीएनजी, त्याच्यासोबत कुठले चौकोन ताडायचे आणि कुठले वगळायचे ते सांगणारी जेसन फाइल, आणि ९६ टक्के जुळलं की पास. फॉन्ट जरा बदलला की असे तुकडे सगळे नव्यानं काढावे लागतात, म्हणून मजकुराला ओसीआर आणि चित्राला चित्र, अशी सरळ वाटणी ठेवा. ओपनक्यूएतही चौकोनाला ओसीआरचा प्रकार देता येतो, पण दोन-तीन माणसांच्या टीमला ते अख्खं उभं करण्यापेक्षा तुमची आहे तीच पायथन स्क्रिप्ट सुधारणं परवडेल.

टेस्ट फेल झाली की चार गोष्टी आपोआप जतन झाल्या पाहिजेत: कच्चा स्क्रीनशॉट, ओसीआरला दिलेला तुकडा, टीएसव्ही आणि त्या क्षणापर्यंतचा सिरियल लॉग. पास झालेल्या टेस्टमधलाही प्रत्येक स्क्रीनचा एक-एक नमुना, त्यावर काय लिहिलंय ते हातानं टाइप करून, एका फोल्डरमध्ये साठवत जा. टेसरॅक्टची आवृत्ती आणि मॉडेल फाइल दोन्ही गोठवून ठेवा, डिस्ट्रोच्या अपडेटसोबत बदलू देऊ नका, आणि मुद्दाम बदलायची वेळ आली की आधी व्हीएम न चालवता नुसत्या त्या फोल्डरवर नवी आवृत्ती चालवा. एखादी फिल्टरची सेटिंग बदलतानाही हेच. पूर्ण बूटची वाट न बघता मिनिटभरात कळतं की कुठलं लेबल सुधारलं आणि कुठलं बिघडलं. बटणांपासून सुरुवात करा, राखाडीवर राखाडी असलेली तुमची ती 'उधारी' आणि तिच्या शेजारची दोन, ती वाचता आली की बाकीच्या स्क्रीनला याच सेटिंग थोड्या फरकानं चालतील.